शंका येते तेव्हा चमत्कारांमुळे ख्रिस्ती माणसाचा विश्वास बळकट होतो का? कसा?

होतो. पण ज्याच्या घरात चमत्कार झाला त्याचाच होईल असं काही नाही. माझा तर त्यानंच डळमळला. त्यात आमच्या मोठे बाबांशी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाशी, चाललेलं एक जुनं भांडणही आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. 2017 ची गोष्ट. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती, अळी आवरत नव्हती, आणि जो तो दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारत होता. एवढ्या उंच झाडावर पंप मारला की निम्मं औषध आपल्याच तोंडावर येतं. त्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. माझा धाकटा भाऊ वाचला. त्याच्या बाजूच्या खाटेवर आमच्याच मंडळीतला एक गडी होता, तो गेला. दोघांसाठी एकाच रात्री, एकाच ओसरीवर, तीच माणसं प्रार्थनेला बसली होती. जो गेला तो दर रविवारी चर्चची घंटा वाजवायचा. माझा भाऊ नाताळ सोडला तर पायरी चढत नाही.

भावाला दवाखान्यात नेलं तेव्हा तोंडातून लाळ, अंग घामानं चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ॲट्रोपीन, म्हणजे या विषावरचं इंजेक्शन, सुरू झालं. छातीतला, तोंडातला ओलावा आटेपर्यंत ते परत परत देतात. दुसऱ्या दिवशी तोंड कोरडंठाक, बाहुल्या मोठ्या, आणि भाऊ बरळायला लागला. दोन्ही हात वर करायचा, हवेतून काहीतरी काढायचा आणि पोटाशी आणून ठेवायचा. परत वर, परत पोटाशी. मला कळायला वेळ लागला नाही. गडी कापूस वेचून राहिला होता! वावरात अजून बोंडं फुटायची होती, पण याची वेचणी सुरू. बोंडातून कापूस उपटताना बोटं वळतात तशी वळत होती, आणि चादरीची ओटी केली होती. सिस्टर म्हणाली, "इंजेक्शननं होते असं. उतरंल उद्या." उतरलं.

मोठे बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनीही तेच हात पाहिले. भाऊ घरी आल्यावरच्या रविवारी ते चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उठले. "पोरानं हात वर केले, प्रभूनं ते हात धरले, म्या माह्या डोयानं पायलं." साऱ्या मंडळीनं हालेलुया म्हटलं. बायकांच्या बाजूला चटईवर त्या गेलेल्या गड्याची बायको बसली होती, पंधरा दिवसही झाले नव्हते. आणि मोठे बाबा शेवटी म्हणाले, "विश्वास पुरा असला का प्रभू सोडत नाही."

ती उठली. आवाज चढवला नाही. "मंग आमच्या घरच्याले कायले सोडलं जी?"

आमचे पाळक तेव्हाच म्हातारे होते. पाळकांना शिकवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला गेली, त्याआधी ती यवतमाळात होती, तिथं शिकलेले. त्यांनी उपदेश केला नाही, बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय काढला. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे आणि त्याला शंका आलीय. शिष्यांकडून येशूला विचारतो, येणारा तो (म्हणजे मशीहा, देवानं कबूल केलेला तारणारा) तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू निरोप देतो की आंधळे पाहतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. ही सगळी जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याची भाषा. पण यशयाच्या 61 व्या अध्यायात गरिबांच्या सुवार्तेसोबत बंदिवानांची सुटकाही आहे, आणि नेमकी तीच योहानाच्या निरोपात नाही. पुढे तीनच अध्यायांनी त्याचं डोकं तबकात. पाळकांनी एवढं दाखवलं, "बाई, मले नाही माहीत" म्हणाले, आणि खाली बसले.

तुमच्या प्रश्नाचं जे काही उत्तर माझ्याकडे आहे ते याच अध्यायात आहे. येशू शंकेवर रागावला नाही, चमत्कारच पुढे केले आणि लगेच लोकांना योहानाची थोरवी सांगितली. पण ते चमत्कार दुसऱ्यांच्या घरचे होते. आणि ज्यांचं स्वतःचं पोट चमत्कारानं भरलं त्यांचं म्हणाल, तर येशूनं दिलेली भाकरी पाच हजारांनी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं विचारतात, तू कोणतं चिन्ह दाखवतोस? (योहानाच्या शुभवर्तमानाचा 6 वा अध्याय, वाचून पाहा. हा योहान तुरुंगातला नव्हे.)

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: साक्ष द्यायला उठण्याआधी चटईवर कोण बसलंय ते बघावं. आणि जे पाहिलं तेवढंच सांगावं. मी घरी आल्यावर मोठे बाबांना कापसाचं सांगितलं, तर म्हणाले, "तुह्यात शंकेचा आत्मा हाय." तेव्हापासून आमचं बोलणं लग्नकार्यापुरतं. त्यांच्या गोष्टीत आता खोलीभर उजेडही पडतो. मी त्याच खोलीत होतो, दिवसाही बल्ब लावावा लागायचा तिथं.

ती बाई पुढच्या रविवारी आली, अजूनही येते. माझ्या मते ती "मले नाही माहीत" या शब्दांवर टिकली, पण मी तिला विचारलेलं नाही.

चमत्कार होत नाहीत असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. भाऊ वाचला ते देवाचंच काम, ॲट्रोपीनही त्याचंच. फक्त घाई नको. फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थस्थानी 1858 पासून लोक जातात, बरे झालो म्हणणारे हजारोंनी आहेत, पण डॉक्टरांच्या तपासणीनंतर चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरपेक्षा थोडेच जास्त. आम्ही कॅथलिक नाही, तरी हा शिरस्ता मला पटतो. आमच्याकडे रविवार उजाडायची खोटी. आणि फवारणीनंतर मळमळलं, अंधुक दिसलं तर आधी गाडी काढा, प्रार्थना गाडीत करा.

भावाला यातलं काहीच आठवत नाही. मी त्याला कापसाचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "किती किलो भरला?"