हवेतला ठोसा

प्रश्न: माझा मुलगा हातात धरून हलवायच्या मोशन कंट्रोलरवर फायटिंग गेम खेळतो. साधी बटणं दाबणारा मावसभाऊ त्याला नेहमी हरवतो. सराव कमी पडतोय का?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, त्याला रागावू नका. हे खेळ बहुतेक सेकंदाला ६० फ्रेमनी (म्हणजे पडद्यावरच्या ६० चित्रांनी) चालतात आणि दोन-तीन फ्रेमच्या फरकाने डाव फिरतो. बटणाला बोट जेमतेम हलवावं लागतं, ठोशाला अख्खा हात. शिवाय हात मागे घेणं हीसुद्धा हालचालच, ती यंत्राला कधी कधी नवा ठोसा वाटते. २००६च्या वी रिमोटमध्ये (निन्टेन्डोच्या वी या खेळयंत्राचा मोशन कंट्रोलर) वेगातला बदल मोजणारा सेन्सर होता, फिरणं मोजणारा नव्हता. फिरणं नीट कळायला २००९चं मोशनप्लस हे जोडयंत्र त्याला लावावं लागलं. पण खरी अडचण सेन्सरपलीकडची आहे. पडद्यावर समोरच्याने वार अडवला तरी तुमच्या मुलाचा हात हवेत पुढे जातच राहतो, त्याला कोणी थोपवत नाही. कॉलेज रोडला आमच्या घरी पोरं खेळतात तेव्हा मला हेच सारखं दिसतं.

दोघांना सारखेच कंट्रोलर द्या. किंवा निन्टेन्डोच्या स्विच या खेळयंत्रावरचा २०१७चा ‘आर्म्स’ हा फायटिंग गेम आणा. तो हात हलवून खेळणं धरूनच रचलाय. खेळताना मनगटाचा पट्टा मात्र बांधायला लावा.