‘सूचित सहमती’ आणि आपला जुना राजीनामा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्यसेविका ताईंचा प्रश्न: ‘आमच्या फॉर्मच्या डोक्यावर “सूचित सहमतीपत्र” छापलंय. ट्रेनिंगमध्ये कोणी संमती म्हणतं, कोणी अनुमती. बरोबर काय?’

ताई, इंग्रजीत ज्याला ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’ म्हणतात, म्हणजे काय होणार ते समजून दिलेला होकार, त्यासाठी ‘संमती’ बरोबर. ‘अनुमती’ म्हणजे नुसती परवानगी. देणाऱ्याला काय कळलं याच्याशी तिला देणंघेणं नाही. ‘सहमती’ पक्षांच्या बैठकीत होते, ती तिथेच राहू द्या. ‘संमती’त ‘मन्’ धातू आहे आणि ‘सम्’ म्हणजे एकत्र. १८७२च्या करार कायद्याचं कलम १३ हेच म्हणतं: दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला, तर ती संमती.

खरा संताप त्या ‘सूचित’चा. हिंदीत सूचना म्हणजे माहिती, म्हणून तिकडे ‘सूचित’ चालतं. मराठीत सूचित म्हणजे आडून सुचवलेलं. ‘त्याने डोळ्यांनीच सूचित केलं’ असं आपण म्हणतो. म्हणजे ‘सूचित संमती’चा मराठी अर्थ झाला, पेशंटने मान जराशी हलवली आणि आपण होकार धरला. कायद्याला जे नको, नेमकं तेच शीर्षकात! ‘माहितीपूर्ण संमती’वाल्यांनीही खूश होऊ नये. माहितीपूर्ण लेख असतो, होकार नसतो.

आता ज्या शब्दासाठी मी हे लिहायला बसलो तो: राजीनामा. अरबी ‘राज़ी’, म्हणजे मनापासून कबूल असलेला. फारसी ‘नामा’, म्हणजे लिखित कागद. राजीनामा म्हणजे अक्षरशः संमतीपत्र! जुन्या महसुली कारभारात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि नवा घेणारा कबुलायत, म्हणजे जमीन कबूल असल्याचा कागद. ‘मी राजीखुशीने सोडतो’ यातला ‘राजी’ मागे पडला, ‘सोडतो’ तेवढं उरलं आणि मराठीत राजीनामा नोकरी सोडण्याचा कागद झाला. सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या कोर्टात मात्र दोन पक्षांची तडजोड झाली की आजही ‘राजीनामा हो गया’ म्हणतात. कोणी याची फोड ‘राज्य सोडण्याचा नामा’ अशी करत असेल, तर ते साफ चूक आहे. मग ‘राजीखुशी’त कोणतं राज्य सोडलं?

याच धातूची भावंडं बघा: रजा, मर्जी, नाराज. रजा म्हणजे मूळची वरिष्ठाची संमती. आणि कोणी ‘मर्जी’चं नातं ‘मर्ज’ म्हणजे आजाराशी जोडत असेल, तर त्यांनी अरबी अक्षरं एकदा तपासावीत. दोन्ही धातू वेगळे आहेत. मर्ज पेशंटचा, मर्जीही पेशंटचीच, पण शब्द सख्खे नाहीत.

माझं ठाम मत आहे की आपल्याकडे ‘संमती’ कागदावर राहते आणि ‘राजी’ माणसात. मागच्या उन्हाळ्यात एका दवाखान्याच्या व्हरांड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेली एक म्हातारी बसली होती. अंगठ्याची निळी शाई केसांना पुसत होती. विचारलं, ‘कायच्यावर अंगठा देला, माय?’ म्हणाली, ‘का मालूम बापा. बाईनं बोट धरलं न् टेकवलं.’ मग मी म्हटलं, ‘पन तू राजी हाएस का?’ तशी ती सावरून बसली. ‘दिसन तं राजी हाओ. पन आज एकच डोया.’ संमतीपत्रावर अंगठा उठला तेव्हा तिच्याकडे एक शब्द नव्हता. ‘राजी’ ऐकताच ती अटीसकट बोलली. पोरगी राजी हाए का, हे सोयरिकीत विचारतात ना, तोच हा शब्द. त्यात नाही म्हणायची जागा आहे.

औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९चे नियम तर लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसासाठी तटस्थ साक्षीदार मागतात. ‘घरच्यांनी लिहून दिलं’ हेही सगळीकडे ऐकू येतं. २००८ साली समीरा कोहली या पेशंटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हेच आलं होतं. दुर्बिणीने तपासणीची संमती होती. ती बाई बेशुद्ध असताना आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. सज्ञान पेशंटची संमती आई देऊ शकत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही कायद्याने मागितलेलीच नाही, तरी ती नसली की बाईला परत पाठवतात.

तुमच्या फॉर्मचं राहिलंच. वर ‘समजून दिलेली संमती’ लिहा, ‘सूचित’वर काट मारा. सहीच्या आधी एक ओळ वाढवता आली तर ‘मी कशाला राजी आहे’ असं लिहून पुढे जागा कोरी सोडा, आणि पेशंट बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. डोया म्हटलं तर डोयाच लिहा.