स्मरणात धरलेले सगळेच जाणिवेत असते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विलंबित तिलवाड्यात, म्हणजे सोळा मात्रांच्या संथ तालात, बडा ख्याल गाताना त्या मात्रा मोजत असल्याचे जाणवत नाही, तरी मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो; मग वर्किंग मेमरी, म्हणजे एखादी गोष्ट काही सेकंद मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, आणि जाणीव या दोन्ही एकच कशा मानायच्या? माझ्या मते त्या एक नाहीत. नुसते धरून ठेवणे जाणिवेवाचून होऊ शकते. धरलेल्यावर काम करायचे झाले, तर मात्र बहुधा जाणीव लागतेच.

तुमचे उदाहरण मात्र मी पुरावा म्हणून घेणार नाही. आपल्या ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या एखाद्या गायनवर्गात नव्याने आलेला विद्यार्थी पाहा. तो बोटांच्या पेरांवर मात्रा मोजतो आणि मोजण्यात गुंतला की बंदिशीचे शब्द विसरतो, कारण एका वेळी मनात धरता येणाऱ्या सुट्या गोष्टी फार थोड्या असतात. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये ही मर्यादा सुमारे चार असल्याचे मांडले. मुरलेल्या गायकाला ठेका असा धरून ठेवावाच लागत नाही, तो वर्षानुवर्षांच्या रियाजाने अंगात भिनलेला असतो. समेवर अचूक येणे हे दीर्घकालीन स्मृतीचे आणि कौशल्याचे काम आहे, आणि त्याची गल्लत वर्किंग मेमरीशी झाली की पुढची सगळी चर्चा भरकटते.

दोन्ही एकच असल्याचे वाटते, ते उगाच नाही. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या रचनेत आवाज घोळवणारा एक भाग, दृश्ये धरणारा दुसरा आणि त्यांवर देखरेख करणारा तिसरा आहे. फोन नंबर मनातल्या मनात घोकताना यातले पुष्कळसे आपल्याला प्रत्यक्ष जाणवते. बर्नार्ड बार्स यांनी १९८८ मध्ये तर जाणिवेचीच व्याख्या अशी केली की मेंदूतल्या अनेक यंत्रणांना एकाच वेळी उपलब्ध झालेली माहिती म्हणजे जाणीव.

याविरुद्धचा एक प्रयोग डेव्हिड सोटो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. तिरप्या रेघांची आकृती क्षणार्धासाठी दाखवून लगेच दुसऱ्या चित्राने झाकली गेली, आणि काही सेकंदांनंतर दाखवलेली नवी आकृती आधीच्यापेक्षा कोणत्या बाजूला कलली आहे ते विचारले गेले. आपण काहीच पाहिले नाही असे सांगणाऱ्यांची उत्तरेही निव्वळ अंदाजापेक्षा अधिक वेळा बरोबर आली. यावर एक आक्षेप आहे: त्या माणसाने आकृती झाकली जाताच मनाशी एक अंदाज बांधला असेल आणि तो अंदाजच जाणीवपूर्वक लक्षात ठेवला असेल. हा आक्षेप मला रास्त वाटतो.

म्हणून २०१६ चा नेथन रोझ, ब्रॅडली पोसल आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. दोन गोष्टी, समजा एक चेहरा आणि एक शब्द, लक्षात ठेवायला सांगून आधी कशाबद्दल विचारणार ते कळवले जाई. त्या गोष्टीची खूण मेंदूच्या नोंदींत स्पष्ट दिसे. दुसरीची मात्र मावळे, जणू ती विसरलीच गेली आहे. तरी नंतर विचारले की तीही आठवे. त्याहून विशेष म्हणजे, बाहेरून चुंबकीय स्पंद दिल्यावर ती मावळलेली खूण क्षणभर परत उमटे, आणि ती गोष्ट आता लागणार नाही हे ठरल्यावर दिलेल्या स्पंदाने उमटत नसे. हे कसे घडत असावे, याची एक शक्यता मोंजिलो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच मांडली होती: चेतापेशी शांत असल्या तरी त्यांच्या जोडांवर साचलेले कॅल्शियम पुढच्या संदेशाला काही काळ वाट मोकळी ठेवते. लक्षाबाहेर असणे म्हणजे जाणिवेबाहेरही असणे का, हा वाद मात्र या प्रयोगाने मिटत नाही.

उलट बाजूनेही पाहायला हवे. जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये तीन ओळींत चार-चार अक्षरे सेकंदाचा विसावा भाग एवढा वेळ दाखवली. सगळी सांगा म्हटले की लोक चार-पाचच सांगत, पण अक्षरे नाहीशी झाल्यावर एक स्वर वाजवून त्यावरून कोणती ओळ हवी ते सुचवले, की त्या ओळीतली चारपैकी साधारण तीन सांगता येत. कोणती ओळ विचारली जाईल हे आधी ठाऊक नसल्याने, सांगता येते त्यापेक्षा पुष्कळ अधिक क्षणभर मनात उपलब्ध होते हे उघड आहे. तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांच्या मते आपला अनुभव वर्किंग मेमरीत मावेल त्याहून विस्तृत असतो. मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहेन यांच्यासारखे विरोधक म्हणतात की न सांगितलेली अक्षरे केवळ उपलब्ध होती, अनुभवली गेली नव्हती. अनुभव मोजायला अखेर माणसाच्या सांगण्याखेरीज दुसरे साधन नसल्यामुळे हा तिढा अवघड आहे, तरी माझा कल ब्लॉक यांच्याकडे आहे. एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेल्या के. एफ. या रुग्णाला ऐकलेले एक-दोन आकडेच म्हणून दाखवता येत, तरी नवे शिकण्याची त्याची क्षमता शाबूत होती. स्मृतीचा एक कप्पा इतका आक्रसूनही माणूस शिकत राहतो, तर जाणिवेची रुंदी त्या कप्प्यावरून मोजायला मी धजावणार नाही.