सौर प्रकल्पांच्या जमिनीच्या अर्थकारणावर फेलोशिप घेऊन पीएचडी करावी का?

तुम्ही लिहिलंय की एम.ए. झालंय, जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप) निघालीय, आणि 'महाराष्ट्रातल्या पडीक जमिनीवरील सौरऊर्जेचं अर्थकारण' असा विषय डोक्यात आहे. विषयात दम आहे का आणि फेलोशिपवर भागतं का, हे दोन प्रश्न.

पैशाचं आधी उरकते. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, ४२,०००, वर घरभाडं. साताऱ्या-सोलापुरात एकट्या माणसाचं व्यवस्थित भागतं. फक्त ते दर महिन्याला खात्यात पडेल असं धरून हप्ते काढू नका. माझे एकदा सात महिने अडकले, कारण हजेरीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलाच नव्हता. सहा महिन्यांची तजवीज हाताशी ठेवूनच नाव नोंदवा.

आता विषय. त्यातला 'पडीक' हा शब्द आधी खोडा.

माझं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. गावाला गायरान आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत गुरचरणासाठी जमीन राखायची तरतूद आहे, त्यातलं. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देण्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला, सबस्टेशनजवळच्या जमिनींचा शोध सुरू झाला आणि आमच्या गायरानातली २२ एकर ५ मेगावॅटच्या प्रकल्पाला गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात कुंपण पडलं. तेव्हा माझ्या पीएचडीचं तिसरं वर्ष चालू होतं, विषय तुमच्यासारखाच.

त्या वर्षीच्या प्रगती सादरीकरणात बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी माझ्या तक्त्यावर बोट ठेवलं. "गायरानाची ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट कशाला काढत बसलाय? तिथं पीक नाही, भाडं नाही. शून्य धरा आणि पुढं चला." ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणजे जमीन एका कामाला दिली की दुसऱ्या वापरातून मिळणारं जे हातचं जातं, त्याची किंमत. समितीत कुणी काही बोललं नाही. मीही नाही बोलले, आणि ते अजून सलतं. कारण माझ्या एम.ए.ची फी आईच्या शेळ्यांनी भरली होती आणि त्या शेळ्या त्याच शून्यावर चरत होत्या.

घरी आले तर दादा तेच बोलला. तो तेव्हा ग्रामपंचायतीत सदस्य होता, ठरावावर त्याची सही आहे. "नुसता माळ होता गं. काय उगवत होतं तिथं?" आई तिथंच भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन तिच्या मागे गेले. कुंपणाच्या बाहेर उरलेल्या तुकड्यात हिवराची झाडं होती. शेंगा गळायचे दिवस. आई काठीला बांधलेल्या आकडीने फांदी हलवायची, शेंगा पडायच्या, शेळ्या तुटून पडायच्या. कुठली शेळी काय खाते हे तिला पाठ होतं: गाभणीला बोराटीचा पाला, दुभतीला शेंगा, करडांना बांधाकडचं कोवळं. आधी हे २२ एकरांत पांगलेलं असायचं. आता गावातली सत्तावीस घरं त्याच पट्ट्यावर यायची. ती म्हणाली, "पोट भरल्याबिगर शेळी घराकडं वळत न्हाय बग. आता अंधार पडला तरी वळत न्हाय."

मग मी वर्षभराचा हिशेब मांडला. आईला लिहिता येत नाही. विकतच्या तुरीच्या भुसकटाची पाटी टाकली की ती गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची, मक्याच्या भरड्याचं पोतं फुटलं की फुली. मी दर रविवारी फोन करून रेघा उतरवून घ्यायचे. वर्षाअखेर वैरणीचे २१ हजार झाले आणि आठातल्या पाच शेळ्या आटपाडीच्या बाजारात गेल्या, सगळ्या पडत्या भावाने, कारण विकणाऱ्याला घाई आहे हे व्यापाऱ्याला लांबूनच कळतं. ही एका घराची किंमत झाली. इतर सव्वीस घरांच्या नोंदी मी पुढच्या हंगामात घेतल्या.

आता हे आकडे शेजारी ठेवा. हीच २२ एकर खासगी असती, तर योजनेच्या दराने हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार, म्हणजे साधारण ११ लाख भाडं मिळालं असतं, वर दरवर्षी ३ टक्के वाढ. ५ मेगावॅटमधून वर्षाला ढोबळ ८० लाख युनिटं निघतात. म्हणजे तीन रुपयांच्या आसपासच्या युनिटात जमिनीचा वाटा १४ पैसे. गायरानावर तो १४ पैशांचा वाटा कुणाच्याच हातात पडत नाही, कारण सरकारी जमीन नाममात्र भाड्याने जाते. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख मिळतात, तेही तीनच वर्षं. ते गावाच्या कामांसाठी, शेळीवाल्यांसाठी नव्हे. माझ्या मते हा सरळसरळ भूमिहीनांकडून वसूल केलेला पैसा आहे आणि त्याला 'स्वस्त वीज' म्हणायचं असेल तर आधी हा आकडा छापावा. त्या सादरीकरणात मला एवढंच बोलायचं होतं.

दादाची बाजूही खरी आहे. कृषी फीडर, म्हणजे शेतीपंपांची वीजवाहिनी, सौरवर गेल्यापासून त्याला दिवसा लाईट मिळते. पूर्वी थंडीत रात्री दोनला दारं धरायला जायचा, एकदा पायाजवळून नाग गेला होता. वहिनी तेव्हापासून झोपायची नाही. हा फायदा मोठा आहे आणि प्रबंधात मी तो पूर्ण मोजलाय. पण दादाचा फायदा आणि आईचा तोटा एकाच घराच्या बेरजेत टाकला की घर 'फायद्यात' निघतं, आणि आईच्या हातातला पैसा कागदावरून नाहीसा होतो. करडू विकून ती स्वतः खर्च करायची, कुणाला न विचारता. आता मागते. म्हणून सर्वेक्षणाचं एकक कुटुंब धरू नका, माणूस धरा. गाईड नको म्हणतील, नमुना दुप्पट होतो म्हणतील. भांडा.

मी सौरच्या विरोधात नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. खासगी मुरमाड जमीन भाड्याने देणाऱ्यांचं बऱ्याच ठिकाणी चांगलं झालंय. पवनऊर्जेचं गणितही वेगळं आहे: साताऱ्याजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या खाली गुरं चरताना मी पाहिली आहेत, तिथं जागा पायापुरती आणि रस्त्यापुरती अडते. सौरला कुंपण लागतं, सगळा फरक तिथं पडतो. अमेरिकेत पॅनेलखाली मेंढ्या चारतात, त्यात गवत कापायचा खर्चही वाचतो. शेळ्यांना तिथं सोडता येत नाही, त्या वायरी कुरतडतात आणि पॅनेलवर चढतात. पण माणदेशात मेंढरं काय कमी आहेत? त्यावर आपल्याकडे कुणी नीट हिशेब मांडला, तर तो प्रबंध मी स्वतः विकत घेऊन वाचेन. तुम्हीच का घेत नाही?

घेतलात तर पहिली फेरी मार्च ते जूनमध्ये काढा. श्रावणात गेलात तर सगळे माळ हिरवे दिसतील आणि कुणाचं काय गेलं हे विचारायचं तुमच्याही लक्षात येणार नाही. आणि बोलणी चावडीवर करू नका. सकाळी शेळ्या सुटायच्या वेळेला गावाबाहेरच्या वाटेवर उभे राहा, आणि वहीसोबत पाण्याची बाटली ठेवा, कारण संध्याकाळपर्यंत परत येणं होत नाही.