कावळा शिवला नाही, त्यानंतर

गणपती विसर्जन झाले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या तक्रारींना दरवर्षी एक ठरावीक वळण लागते. पितृपंधरवडा तोंडावर आलेला असतो. घरातील एक माणूस ‘पान वाढायचंच’ म्हणत असतो आणि दुसरा ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणून अडून बसलेला असतो. सांगण्याची तऱ्हा निरनिराळी असली तरी प्रश्न एकच असतो: आमच्यात एकाचा देवावर आणि मरणानंतरच्या गतीवर विश्वास आहे, दुसऱ्याचा नाही, मग खरे कोणाचे धरायचे? हा पेच एखाद्याच जातीचा वा धर्माचा आहे, असेही नाही. डॉ. आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आपल्या अनुयायांना दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये ‘मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही’ अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. आणि त्या प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातील आजी चोरून गच्चीत घास ठेवते, म्हणून अस्वस्थ झालेला नातू माझ्यासमोर बसून गेला आहे. वसईकडच्या एका कॅथलिक मुलीला 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जायचे नव्हते आणि तेवढ्यावरून आईने दोन महिने अबोला धरला होता.

यातील एका मायलेकांची हकिगत येथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काकू साठी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. मुलगा अभियंता, पस्तिशीचा. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्या दिवसापासून आपण विवेकवादी विचाराच्या कामात ओढले गेलो, असे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले. वडील माघात वारले होते. आईच्या शब्दाखातर तो दहाव्याला घाटावर गेला, मात्र विधीला बसला नाही. क्रिया काकांनी केली. पिंड मांडून दीड तास झाला तरी कावळा शिवेना. मागे आणखी दोन घरची माणसे ताटकळली होती. एकेक जण पुढे होऊन मोठ्याने सांगत होता, “दादा, शेताची काळजी करू नकोस”, “दादा, धाकटीचं लग्न आम्ही करू.” शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि मंडळी घरी परतली. परतताना गाडीतच कोणीतरी म्हणाले की मुलगा हात मागे बांधून उभा होता, त्याने साधा नमस्कारही केला नाही, मग आत्मा घुटमळेल नाहीतर काय होईल?

तेव्हापासून काकूंना झोप लागत नव्हती. आता त्यांना महालय करायचे होते, तेही मुलाच्या हातून. मुलगा म्हणत होता, “मी ते केलं, तर गेली दहा वर्षं मी लोकांना जे सांगत आलो त्याला काय अर्थ राहिला?”

पहिल्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली आणि ती सांगायलाच हवी. काकूंचा अपराधभाव हलका व्हावा म्हणून मी त्यांना कावळ्यांविषयी समजावू लागले. घाटावर सकाळपासून इतके पिंड मांडले जातात की कावळ्यांची पोटे भरलेली असतात. शिवाय तो पक्षी मोठा सावध, गर्दी दिसली की फांदीवरून हलत नाही. मुलगा समाधानाने मान डोलावत होता. काकूंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “कावळ्याचं मला समजतं हो. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय. मी तुम्हाला कावळ्याचं विचारलेलंच नाही.”

या एका वाक्याने मी ताळ्यावर आले. पुढच्या भेटीत मी एवढेच विचारले, “काकू, मग तुम्ही काय विचारत होता?” पुष्कळ वेळाने उत्तर आले. “शेवटच्या आठवड्यात ते चहात साखर मागत होते. मधुमेह म्हणून मी दिली नाही. अर्धा चमचासुद्धा नाही. आता मला सांगा, ते माझ्यावर रागावून गेले का?”

मी ज्या विचारसरणीने काम करते, ती विवेकनिष्ठ मानसोपचाराची. तिचा प्रवर्तक अल्बर्ट एलिस स्वतः पक्का निरीश्वरवादी होता. पण श्रद्धाळू माणसालाही या पद्धतीचा उपयोग होऊ शकतो, हे त्याने उतारवयात मोकळेपणाने मान्य केले. माणसाला छळतो तो त्याचा विश्वास किंवा अविश्वास नव्हे, तर त्याला चिकटलेला ‘च’, हे मला इतक्या वर्षांच्या कामातून पटलेले आहे. मुलाने पाणी सोडलेच पाहिजे. विवेकी माणसाने कधी डगमगूच नये. बायकोने नवऱ्याची शेवटची इच्छा पुरवायलाच हवी होती. समोर बसलेल्या दोघांची मते परस्परविरुद्ध होती, ‘च’ मात्र एकाच जातकुळीचा होता. देव आहे की नाही याचा निवाडा करणे माझे काम नाही आणि तो मला येतही नाही. ‘च’ कुठे दडला आहे, हे मात्र मला बहुधा लवकर दिसते.

मधल्या भेटींत मुलगा बराच वाद घालत असे. चार्वाक सांगे, भस्म झालेला देह परत कुठून येणार, हे वचन त्याला पाठ होते. एकदा त्याने आगरकरांचा दाखला दिला. मी म्हटले, आगरकर घ्याच, पण पुरते घ्या. ज्या आगरकरांनी आयुष्यभर रूढींवर कोरडे ओढले, त्यांनी पत्नी यशोदाबाईंच्या देवपूजेला घरात आडकाठी केली नाही. त्यावर तो गप्प झाला, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही. आणि खरे सांगायचे तर मलाही तो केवळ वादात मारलेला डाव वाटला.

कोंडी फुटली ती पाचव्या भेटीत, आणि तीही एका साध्या प्रश्नाने. दोघे शेजारी बसले होते. मी मुलाला विचारले, “त्या दीड तासात तुम्ही काय करत होतात?”

“उभा होतो.”

“कुठे पाहत होतात?”

त्याने आईकडे पाहिले नाही. खुर्चीच्या हाताचे सोललेले रेक्झिन तो अंगठ्याने चेपून बसवू लागला. ते पुन्हा पुन्हा उचकत होते. मग म्हणाला, “पिंपळाकडे. फांदीवर एक कावळा होता. तो खाली उतरावा, असं मला वाटत होतं.”

काकू वळून त्याच्याकडे पाहू लागल्या.

“मी मनातल्या मनात बोललोही. ‘बाबा, आईला मी एकटं टाकणार नाही.’ आणि लगेच स्वतःची लाज वाटली. एवढी भाषणं करणारा मी, एका पक्ष्याकडे बघून हे म्हणतोय! म्हणून हात मागे बांधून घेतले.”

“मी तुझे हातच बघत होते,” काकू म्हणाल्या. “मला वाटलं, तुला काहीच वाटत नाही.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “मोठ्यानं का नाही म्हणालास?”

तो ओशाळून हसला. “मोठ्यानं म्हटलं असतं तर कावळा आला असता?”

“नसता आला. पण मला ऐकू आलं असतं.”

समुपदेशकाच्या वाट्याला अशी वाक्ये क्वचित येतात. ती आली की आपण काही बोलू नये, एवढे मी शिकले आहे. त्या दिवशी ते मला जमले, याचे समाधान आजही वाटते. पाच भेटी आम्ही ज्याला परलोकाविषयीचा मतभेद समजत होतो, त्यात परलोकाचा वाटा अगदी थोडा होता. घाटावर दोन माणसे एकाच झाडाकडे, एकाच आशेने पाहत होती आणि दोघांनीही ते एकमेकांपासून लपवले होते. पुढे काकूंनीही कबूल केले की नवरा कुठेतरी आहे अशी खात्री त्यांनाही रोज वाटत नाही. काही दिवस वाटते, काही दिवस नाही. कठोपनिषदातला नचिकेत यमाला हेच विचारतो, की मेलेल्या माणसाविषयी कोणी म्हणतात तो आहे, कोणी म्हणतात नाही, तर खरे काय? आणि प्रत्यक्ष यमही आधी टाळाटाळ करतो. देवांनाही पूर्वी याविषयी संशय होता, दुसरा वर माग, असे सांगतो. जिथे यम उत्तर देताना कचरतो, तिथे सदनिकेतल्या दिवाणखान्यात बसून जेवणाच्या वेळेपर्यंत निकाल लावण्याची घाई आपण करतो.

हाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आता सांगते की तीन गोष्टींची गल्लत करू नका. मरणानंतर काय, हा सत्याचा प्रश्न झाला. त्यावर सवडीने, आयुष्यभर वाद घाला, पण तेराव्याच्या आत नको. गेलेल्या माणसाशी आपले काय राहून गेले, हा दुःखाचा प्रश्न आहे. तो आस्तिकालाही असतो आणि नास्तिकालाही, आणि त्याला बोलून वाट करून द्यावी लागते. लोक काय म्हणतील, हा तिसरा प्रश्न. तो बहुतेक वेळा पहिल्याचा वेष घेऊन येतो, आणि त्याला मी फारसा मान देत नाही. ज्याचा विश्वास नाही त्याच्या तोंडी संकल्प घालू नये, कारण उसन्या शब्दांनी आईचेही समाधान होत नाही. ज्याला पान वाढल्याशिवाय घास उतरत नाही, त्याच्या पानावर हसू नये. ‘श्रद्धाळू म्हणजे भित्रा’ आणि ‘नास्तिक म्हणजे कोरडा’ ही दोन्ही गृहीतके माझ्या खोलीत तरी फार काळ टिकलेली नाहीत. पितृदोषाचे भय घालून कोणी पैसे उकळत असेल, तर मात्र मी तटस्थ राहत नाही. तिथे मी उघडपणे मुलाच्या बाजूने बोलते. आणि अपराधाची टोचणी महिनोन्महिने चालली, झोप आणि अन्न सुटले, ‘मलाही त्यांच्याकडे जायचंय’ असे शब्द येऊ लागले, तर श्राद्धाचा वाद बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

या मायलेकांनी मार्ग आपला आपण काढला. मी काहीच सुचवले नव्हते. महालय काकांच्या घरी झाले. मुलगा संकल्पाला बसला नाही आणि काकूंनी तसे सांगितलेही नाही. आदल्या संध्याकाळी मंडईत जाऊन अळू, गवार, कारली, भोपळा तो घेऊन आला आणि रात्री आईजवळ बसून त्याने अळूच्या देठी सोलल्या. “हात खाजले त्याचे,” काकूंनी फोनवर सांगितले, “चिंच लावून दिली.” खिरीबरोबर नवऱ्याच्या पानावर त्यांनी साखर घातलेल्या चहाचा कपही ठेवला होता. गुरुजींनी काही विचारले नाही.

मी न राहवून विचारले, “आणि कावळा?”

“घास गच्चीत ठेवला होता. बघायला कोण जातंय! सगळी पानावर बसली होती, भात निवत होता.”