न्यूझीलंडमध्ये रायग्रास (चाऱ्याचं गवत) आणि क्लोव्हर (शेंगवर्गीय चारा) यांच्या कुरणात चिकोरी आणि प्लँटेन या रुंद पानांच्या चारा-वनस्पती का पेरतात?

मुख्य कारण उन्हाळा. रायग्रासची मुळं उथळ, जमीन वाळली की वाढ थांबते. चिकोरीचं सोटमूळ खोल जातं, म्हणून पाऊस लांबला तरी हिरवा पाला मिळत राहतो. मला मात्र प्लँटेन जास्त मोलाचं वाटतं. हे आपल्या इसबगोलाचं भावंड, पानांवर ठसठशीत समांतर शिरा. ते खाल्लेल्या गायींचं मूत्र पातळ होतं, एका जागी पडणारं नत्र घटतं आणि भूजलात नायट्रेट कमी झिरपतं. चिकोरी आणि प्लँटेन दोन्ही काही वर्षांत विरळ होतात, पुन्हा पेरावी लागतात. बी साधारण १ सेंमी खोल, त्याखाली नको. रुंद पानांच्या तणांवरचं तणनाशक सरसकट मारू नका, या दोन्हींबरोबर क्लोव्हरही जाईल. हिवाळ्यातल्या चिखलात जनावरं सोडू नका. चिकोरीच्या मुळाचा वरचा गड्डा तुडवला की कुजतो.