आजच्या पोलंडमधलं क्राकुव हे स्वतंत्र नगरराज्य फक्त 31 वर्षांत का संपलं?

कारण ज्यांनी ते स्थापलं तेच त्याचे तीन शेजारी होते: ऑस्ट्रिया, रशिया आणि प्रशिया. नेपोलियनच्या पराभवानंतर युरोपची फेरवाटणी करणाऱ्या 1815 च्या व्हिएन्ना परिषदेत क्राकुव कुणाला द्यायचं यावर एकमत होईना, म्हणून ते 'स्वतंत्र आणि काटेकोरपणे तटस्थ' ठरवून तिघांच्या संरक्षणाखाली ठेवलं.

करारातली खरी मेख अशी. तिन्ही सत्तांनी तिथे सैन्य आणायचं नाही, पण बदल्यात शहराने त्यांच्या फरारी लोकांना आसरा द्यायचा नाही. पोलिश राजकारणाचं केंद्र असलेल्या, विद्यापीठाच्या शहराला हे जमणं कठीणच. रशियाविरुद्धच्या 1830-31 च्या पोलिश उठावाला इथून मदत गेली आणि 1831 मध्ये रशियन फौज शहरात शिरली. 1836 मध्ये ऑस्ट्रियाची आली, ती 1841 पर्यंत हललीच नाही. शहराचा कारभार पाहणारं सिनेट होतं, पण तिन्ही सत्तांचे प्रतिनिधी शहरातच बसून कारभारात ढवळाढवळ करत. जकातमुक्त व्यापारामुळे पैसा मात्र चांगला आला (तस्करीतूनही).

1835 मध्येच तिघांनी बर्लिनला गुपचूप ठरवलं होतं: वेळ आली की शहर ऑस्ट्रियाने घ्यायचं. शहरातल्या फेब्रुवारी 1846 च्या पोलिश उठावाने ते निमित्त दिलं. बंडखोरांनी शेतकऱ्यांना वेठबिगारीतून मुक्तीचं वचन दिलं, पण शेजारच्या गॅलिसियात (ऑस्ट्रियाच्या ताब्यातला पोलिश प्रांत) शेतकरी पोलिश जमीनदारांवरच उलटले होते. उठाव जेमतेम नऊ दिवस टिकला. नोव्हेंबर 1846 मध्ये शहर ऑस्ट्रियात विलीन झालं. ब्रिटन आणि फ्रान्सने निषेध नोंदवला, तेवढंच.